गावाकडच्या शाळांसाठी फुकट एड.एस. मिळतंय, घ्यावं का?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भारतात तुम्ही मानसशास्त्रात एम.ए. केलंय, काही वर्षं समुपदेशनाचं कामही केलंय. आता अमेरिकेत ग्रीन कार्डावर आहात. नवऱ्याची नोकरी डेन्व्हरला, मुलगी दुसरीत. एका विद्यापीठाने स्कूल सायकॉलॉजीच्या तीन वर्षांच्या एड.एस. (एज्युकेशन स्पेशलिस्ट, एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधली) पदवीसाठी पूर्ण ट्यूशन आणि वर स्टायपेंड देऊ केलाय. बदल्यात शिक्षण झाल्यावर ग्रामीण भागातल्या शाळांत काम करायचं. तुम्ही विचारता: हा बाँड आहे का, मी अडकेन का, आणि शहरात वाढलेली मी तिथे जाऊन करणार काय?

मी पश्चिम नेब्रास्कात स्कूल सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांना कोणती मदत हवी ते ठरवायला हातभार लावणारी मानसशास्त्रज्ञ, आणि नवीन इंटर्नना सुपरवाइज करते, त्यामुळे हा प्रश्न दर वसंतात कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक जण तो पैशाच्या अंगाने विचारतात: एवढी ट्यूशन वाचते, तेवढी वर्षं द्यायची, परवडतं का? हे गणित सोपं आहे आणि बहुतेक वेळा फायद्याचंच निघतं. अवघड प्रश्न वेगळा आहे. हे प्रशिक्षण तुम्हाला ग्रामीण कामासाठी खरंच तयार करणार आहे, की शहरातल्या शाळांत शिकवून शेवटी फक्त पत्ता बदलणार आहे? दुसरा प्रकार असेल तर पैसे मिळूनही तुम्ही पहिल्या दोन वर्षांत थकून जाल, आणि तेव्हा बाँड खरोखर बोचेल.

आधी पैसा कुठून येतो ते पाहू, कारण अटी त्यावर ठरतात. तुमच्या ईमेलमध्ये नुसतं ‘फेडरल ग्रँट’ लिहिलंय, पण फेडरल ग्रँट एकाच प्रकारची नसते. एक जुना झरा म्हणजे शिक्षण खात्याच्या स्पेशल एज्युकेशन विभागाचा, म्हणजे ओसेपचा, मनुष्यबळ तयार करण्याचा कार्यक्रम. त्याची मुळं आयडिया कायद्यात, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या फेडरल कायद्यात आहेत. हा कायदा मूळचा १९७५चा, १९९०मध्ये त्याला आजचं नाव मिळालं आणि २००४मध्ये तो सुधारला गेला. ओसेपची अट स्पष्ट असते: ज्या प्रत्येक शैक्षणिक वर्षासाठी पैसे घेतले, त्याबद्दल दोन वर्षं काम. तीन वर्षं घेतले तर सहा वर्षं! इथे लोक दचकतात. पण ही अट ग्रामीण भागाची नसून अपंगत्व असलेल्या मुलांसाठीच्या कामाची असते. तुम्ही सेवा देता त्यांतली निदान ५१ टक्के मुलं विशेष शिक्षण किंवा तत्सम सेवा घेणारी हवीत, किंवा तुमचा ५१ टक्के वेळ त्या मुलांसाठी जायला हवा. स्कूल सायकॉलॉजिस्टच्या कामाचं स्वरूप पाहता हे बहुतेक ठिकाणी आपोआप जमतं, आणि ते कुठल्याही राज्यात करता येतं.

दुसरा झरा शाळांतल्या मानसिक आरोग्य सेवांच्या मनुष्यबळाचा. यात विद्यापीठ आणि गरजू शाळा-जिल्हे (एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था) भागीदारी करतात. हा कार्यक्रम २०१९मध्ये सुरू झाला. मे २०२२मध्ये टेक्ससच्या युवाल्डी गावातल्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर महिन्याभरात मंजूर झालेल्या कायद्याने हा कार्यक्रम आणि त्याचा एक जोडकार्यक्रम मिळून पाच वर्षांसाठी १ अब्ज डॉलरची तरतूद केली. आज ग्रामीण भागासाठी दिसणारे बरेचसे फंडेड प्रोग्रॅम या पैशातून उभे राहिले. यात काम करण्याची अट प्रकल्पागणिक बदलते. कुठे वर्षाला वर्ष, कुठे ठरावीक मुदत. तिसरा झरा आरोग्य खात्यातल्या हर्सा या संस्थेचा. तिथून स्टायपेंड मिळतात आणि त्यात स्कूल सायकॉलॉजीचे विद्यार्थीही बसतात. चौथा प्रकार म्हणजे एखादा शाळा-जिल्हा किंवा अनेक जिल्ह्यांचं सामाईक सेवा-केंद्र स्वतःच्या खिशातून, बहुतेक वेळा आपल्याच शाळेतल्या शिक्षकाला किंवा पॅराला (वर्गातल्या मदतनिसाला), शिकायला पाठवतं. याचा करार सगळ्यात कडक असतो, कारण त्यांना तुम्ही हव्या असता, राज्यात कुठेतरी असलेल्या तुम्ही नव्हे.

तुमचा प्रोग्रॅम यांपैकी कुठल्या झऱ्यावर चालतो, हे कोऑर्डिनेटरला सरळ विचारा. कुणाला याचा राग येत नाही. ग्रँटचं नाव आणि तिचं शेवटचं वर्ष, एवढं तरी सांगता यायलाच हवं.

शेवटचं वर्ष म्हणते त्याला कारण आहे. एप्रिल २०२५मध्ये शिक्षण खात्याने वरच्या दुसऱ्या झऱ्यातल्या अनेक चालू ग्रँट पुढे चालू ठेवणार नाही असं कळवलं. रक्कम सुमारे १ अब्ज डॉलरची होती. सोळा राज्यं सिॲटलच्या फेडरल कोर्टात गेली. मधल्या काळात ज्यांचं दुसरं वर्ष चालू होतं त्या विद्यार्थ्यांचं काय झालं? काही विद्यापीठांनी स्वतःच्या पैशातून निभावून नेलं, काहींनी स्टायपेंड बंद करून फक्त ट्यूशन ठेवली, काही विद्यार्थ्यांनी कर्ज काढलं. म्हणून करारात एक गोष्ट शोधाच: ग्रँट मध्येच थांबली तर तुमची काम करण्याची अट कुठवर राहते? जेवढे पैसे हातात आले तेवढ्यापुरतीच अट, असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर लिहून मागा. तोंडी ‘डोन्ट वरी’ला काही अर्थ नाही, कारण ते म्हणणारी व्यक्ती दोन वर्षांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

आता ‘अडकेन का’ याचं उत्तर. अडकणं म्हणजे तुरुंग नव्हे. अट पूर्ण केली नाही तर पैसे परत करायचे असतात, काही करारांत व्याजासकट. ओसेपमध्ये जेवढी सेवा झाली तेवढी वजा होते. इतर करारांत ही वजाबाकी आहे की ‘पूर्ण नाही तर सगळे परत’, हे वाचून पाहा. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाळंतपण, आजारपण, नवऱ्याची बदली, पीएच.डी.ला प्रवेश, यांसाठी मुदत पुढे ढकलता येते का? अर्धवेळ काम मोजलं जातं का? तुमची मुलगी लहान आहे म्हणून हे मुद्दाम लिहितेय. आणि मोजणी कधी सुरू होते? इंटर्नशिपचं वर्ष सेवेत धरलं जातं, असं अनेकांना वाटतं. बहुतेक करारांत ते शिक्षणाचा भाग असतं, सेवा पदवीनंतर सुरू होते.

‘ग्रामीण’ म्हणजे काय, हाही करारातला प्रश्न आहे आणि तुमच्यासाठी तोच कळीचा. राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्र प्रत्येक शाळेला तिच्या जागेनुसार कोड देतं. ग्रामीणमध्ये तीन पायऱ्या असतात: मोठ्या शहरी पट्ट्यापासून ५ मैलांच्या आतल्या शाळा ‘रूरल फ्रिंज’, ५ ते २५ मैलांतल्या ‘रूरल डिस्टंट’, आणि २५ मैलांपलीकडच्या ‘रूरल रिमोट’. छोट्या गावांपासूनच्या अंतराचे निकष वेगळे आहेत, पण ढोबळ चित्र हेच. तुमच्या करारात ‘फ्रिंज’ चालत असेल, तर डेन्व्हरच्या बाहेर राहून रोज ये-जा करता येईल अशा शाळा मिळू शकतात आणि घर हलवायची गरजच पडणार नाही. ‘रिमोट’च हवं असेल तर चित्र पार वेगळं. काही प्रकल्प वेगळीच व्याख्या वापरतात: ग्रामीण शाळांच्या फेडरल अनुदानाला पात्र जिल्हे, किंवा राज्याच्या शिक्षण खात्याची स्वतःची यादी. यादी मागा, नकाशा उघडा आणि नवऱ्याला शेजारी बसवून पाहा. हा निर्णय तुमच्या एकटीचा नाही.

ग्रीन कार्ड आहे त्यामुळे तुमचा एक मोठा अडसर दूर झालाय. ओसेपचे पैसे नागरिक, ग्रीन कार्डधारक, किंवा कायम राहण्याच्या इराद्याने इथे असल्याचा इमिग्रेशन खात्याचा पुरावा देऊ शकणाऱ्यालाच मिळतात. इतर फेडरल स्टायपेंडांतही नियम साधारण असेच. हे वाचणाऱ्या एच-४ (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मैत्रिणींनी हे आधी तपासावं. एच-४वर शिकता येतं, पण वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि या क्षेत्रात इंटर्नशिपशिवाय पदवी नाही.

पैशाबद्दल शेवटचं. ट्यूशनची रक्कम सहसा करमुक्त धरली जाते, पण राहण्या-खाण्यासाठी मिळणारा स्टायपेंड करपात्र असतो आणि विद्यापीठ बहुधा त्यातून टॅक्स कापत नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये टॅक्स भरताना धक्का बसतो. आधीचं शैक्षणिक कर्ज असेल तर सरकारी शाळेतली नोकरी सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीत बसते. तिथे १२० पात्र हप्ते भरावे लागतात. शिक्षकांसाठी जी वेगळी कर्जमाफी आहे ती आपल्याला लागू नाही. भरतीच्या मेळाव्यात कुणी तसं सांगितलं तर मान डोलावून पुढे जा.

आता मूळ मुद्द्याकडे येते: काम आणि त्याचं शिक्षण.

एड.एस. म्हणजे किमान ६० ग्रॅज्युएट क्रेडिट आणि १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले निदान ६०० तास शाळेत. स्कूल सायकॉलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेची, नॅस्पची, ही मोजमापं आहेत. तुमचा प्रोग्रॅम नॅस्पमान्य आहे ना, हे पाहा. असेल तर राष्ट्रीय प्रमाणपत्र सोपं होतं आणि उद्या राज्य बदललं तरी फार त्रास होत नाही. तुमची भारतातली एम.ए. प्रवेशासाठी उपयोगी पडली, पण क्रेडिट म्हणून फारशी धरली जाणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. इथल्या कामाचा गाभा कायदा आणि शाळेची व्यवस्था आहे, तो भाग तुम्हाला नवाच आहे.

नॅस्प म्हणतं ५०० विद्यार्थ्यांमागे एक सायकॉलॉजिस्ट हवा. देशाची सरासरी हजाराच्या वर आहे. पण ग्रामीण भागात हा आकडा फसवतो. माझ्याकडची मुलं मोजली तर मी शहरातल्या मैत्रिणीपेक्षा आरामात दिसेन. फरक असा, की तिची सगळी मुलं एका इमारतीत आहेत आणि माझी पाच-सहा गावांत. नेब्रास्कातला चेरी काउंटी हा एकटा कनेटिकट राज्यापेक्षा मोठा आहे. त्यातून टाइम झोनची सीमाही जाते, त्यामुळे एका शाळेतली दहाची मीटिंग आणि दुसऱ्या शाळेतली दहाची मीटिंग यांत एका तासाचा फरक असतो. वेळापत्रक कसं लावायचं, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. ते एखादी जुनी सायकॉलॉजिस्ट शेजारच्या सीटवर बसून शिकवते.

म्हणूनच इथल्या लहान जिल्ह्यांनी एकत्र येऊन सेवा-केंद्रं केली आहेत. नेब्रास्कात १९६५च्या कायद्याने झालेली एज्युकेशनल सर्व्हिस युनिट, आयोवात एरिया एज्युकेशन एजन्सी, कोलोराडो आणि न्यूयॉर्कमध्ये बोसेस. एका जिल्ह्याला पूर्णवेळ सायकॉलॉजिस्ट परवडत नाही, पाच मिळून परवडतो. तुमची नोकरी बहुधा अशाच केंद्रात असेल, शाळेत नव्हे. याचा फायदा असा, की तुमच्या टेबलाशेजारी स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कधी दुसरी सायकॉलॉजिस्टही असते. थेट एखाद्या लहान जिल्ह्यात नोकरी घेतली तर तुमच्या कामाची भाषा बोलणारं त्या गावात दुसरं कुणी नसतं. नवख्या माणसाला मी केंद्रच सुचवते. फिरणं जास्त असलं तरी चालेल.

काम कसं असतं ते एका उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मार्चचा महिना, रँचवरचा तिसरीतला मुलगा. वाचन मागे पडलंय, लक्ष लागत नाही म्हणून शिक्षिकेने पाठवलेला. मला दिलेली खोली जिमला लागून असलेलं सामानघर, पलीकडे बास्केटबॉलचा धपधप आवाज. विस्क-५ या बुद्धिमत्ता चाचणीची पेटी रात्रभर गाडीत राहिल्याने ठोकळे हाताला गार लागत होते. मुलगा ठोकळ्यांची नक्षी छान जमवत होता. मग चिन्हं उतरवण्याच्या, वेळ लावलेल्या भागात त्याचा हात मंदावला आणि जांभया सुरू झाल्या. आकडे तसेच मांडले असते तर ‘प्रोसेसिंग स्पीड’ खाली दिसला असता आणि अहवालात एक जड वाक्य उतरलं असतं. मी विचारलं, रात्री किती वाजता झोपलास? तो म्हणाला, दर दोन-तीन तासांनी बाबांबरोबर उठतो, पहिलारू गाई व्यायला आल्यात. इथे फेब्रुवारी-मार्च म्हणजे वासरांचा हंगाम. घरचं लहानसहान पोरही त्यात असतं, आणि ते अभिमानाने असतं.

मी चाचणी थांबवली, उरलेली दोन आठवड्यांनी घेतली, आणि त्या आकड्यांजवळ झोपेची नोंद केली. वाचनाची अडचण खरी निघाली, वेगाची नाही. तुम्हाला गाईगुरांची माहिती नसली तरी बिघडत नाही. प्रश्न विचारायची सवय हवी, आणि ती सवय प्रॅक्टिकम, म्हणजे शिकत असतानाचं शाळेतलं प्रत्यक्ष काम, अशा ठिकाणी झालं तरच लागते. शहरातल्या विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये वीस मुलांच्या चाचण्या घेऊन आलेली इंटर्न तांत्रिकदृष्ट्या माझ्यापेक्षा सफाईदार असते, पण तिला मार्च कळत नाही.

ही ग्रामीण प्रशिक्षणाची खरी परीक्षा. तुमच्या प्रोग्रॅमला विचारा: पहिल्या वर्षापासून प्रॅक्टिकम ग्रामीण शाळेत आहे का, की फक्त इंटर्नशिप? तिथे प्रत्यक्ष येणारी सुपरवायझर कोण? नॅस्पच्या निकषाप्रमाणे इंटर्नला आठवड्याला सरासरी किमान दोन तास सुपरव्हिजन मिळायला हवं. लांबच्या जिल्ह्यांत ते व्हिडिओवर होतं, आणि अहवाल तपासायला, केसवर बोलायला व्हिडिओ पुरेसा आहे. पण संतापलेल्या वडिलांसमोर बसून ‘तुमच्या मुलाला विशेष शिक्षण लागेल’ हे सांगण्याच्या मीटिंगला कुणीतरी शेजारी हवं. ‘सुपरवायझर वर्षातून एकदा भेट देतात’ असं उत्तर आलं तर मी दोनदा विचार करेन, ट्यूशन कितीही वाचत असली तरी.

कायद्याची घड्याळंही चालूच असतात. पालकांची संमती मिळाल्यापासून ६० दिवसांत, मुलाला विशेष शिक्षण लागतं का याचं पहिलं मूल्यमापन संपवायचं, राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती पाळायची. दर तीन वर्षांनी फेरमूल्यमापन. शहरात तुम्ही आजारी पडलात तर दुसरी सायकॉलॉजिस्ट केस उचलते. इथे बर्फाच्या वादळाने शाळा दोन दिवस बंद राहिली, शुक्रवारी तर अनेक ग्रामीण जिल्ह्यांत शाळाच नसते, चार दिवसांचा आठवडा, तरी मुदत वाट पाहत नाही. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच फेरमूल्यमापनं पसरून टाकणं ही कला इथे शिकावी लागते. नाहीतर एप्रिल-मे महिने तुम्ही फक्त अहवाल लिहिता आणि मुलांशी बोलायचं राहूनच जातं.

मुलांशी बोलणं हा तुमच्यासाठी मोठा भाग ठरेल, कारण तुमची पार्श्वभूमी समुपदेशनाची आहे. जवळपास थेरपिस्ट नसतो, मानसोपचारतज्ज्ञ तर दोन-तीन तासांवर. टेलिहेल्थ आलंय, ९८८ ही संकटकाळची हेल्पलाइन जुलै २०२२पासून सगळीकडे आहे, तरी ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं एखाद्या मुलीने शिक्षिकेला सांगितलं की पहिला फोन तुम्हाला येतो. त्यावेळी तुम्ही दुसऱ्या गावात असता. अशा वेळी शाळेतल्या कुणी काय करायचं, घरातली बंदूक कुठे ठेवली आहे हे पालकांना कसं विचारायचं (इथे जवळपास प्रत्येक घरात असते, आणि विचारणं हा आरोप वाटता कामा नये), हे आधी ठरलेलं लागतं. प्रोग्रॅममध्ये संकट-व्यवस्थापन ग्रामीण संदर्भात शिकवतात का, हे विचारायला विसरू नका.

गोपनीयतेचा प्रश्न शहरात पुस्तकी वाटतो. इथे किराणा दुकानात दुधाच्या फ्रिजपाशी आई विचारते, काय आलं आमच्या पोराचं? मागे रांगेत त्याची शिक्षिका, पुढे शाळा मंडळाचा सदस्य. माझं उत्तर ठरलेलं आहे: “शाळेत फोन करते, नीट बोलू.” हसून, आणि विषय हवामानावर नेऊन. नॅस्पची नीतिसंहिता दुहेरी संबंध टाळायला सांगते. लहान गावात ते पूर्ण टाळता येत नाहीत, सांभाळावे लागतात. तुमच्या मुलीची मैत्रीण उद्या तुमच्या यादीत येऊ शकते. मग ती केस केंद्रातल्या दुसऱ्या सायकॉलॉजिस्टकडे द्यायची सोय आहे का? म्हणूनही केंद्र बरं.

‘मी बाहेरची, रंगाने वेगळी, उच्चार वेगळा’ ही तुमची भीती तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती खरी आहे. माझा अनुभव मिश्र आहे. लोक मदतीला तत्पर असतात, गाडी खड्ड्यात गेली तर ट्रॅक्टर घेऊन येतात. पण विश्वास हळूहळू बसतो, आणि तुम्ही राहता की जाता यावर बसतो. आधीच्या तीन सायकॉलॉजिस्ट आल्या आणि गेल्या असतील तर चौथीला कुणी फार जवळ करत नाही. उच्चाराचं म्हणाल तर शाब्दिक चाचण्यांचे शब्द आधी घोकून घ्या आणि इथल्या कुणाला तरी ऐकवा. प्रमाणित चाचणीत उच्चारामुळे मुलाचा गुण जाता कामा नये. बाकी संभाषणात मुलं आठवड्याभरात सरावतात. आणि मीट पॅकिंग, बीट, डेअरी यांवर चालणाऱ्या गावांत स्पॅनिश बोलणारी कुटुंबं बरीच आहेत. त्या आयांशी बोलताना, परक्या देशात शाळेची पत्रं वाचण्याची धडपड तुम्हाला समजावून सांगावी लागत नाही.

घराचं मात्र गुलाबी चित्र रंगवणार नाही. लहान गावात भाड्याची घरं कमी, नोकरी देणाऱ्यांनाच विचारावं लागतं. नवरा रिमोट काम करू शकत असेल तर त्या पत्त्यावर इंटरनेट कसं आहे ते सही करण्याआधी तपासा. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला डेन्व्हरहून येतो, गणपतीलाही तिकडेच जावं लागतं. स्वतःची गाडी कामाला वापरली तर मैलामागे पैसे मिळतात. २०२५चा आयआरएसचा (कर खात्याचा) दर मैलाला ७० सेंट होता. केंद्राची गाडी मिळत असेल तर तीच घ्या, हिवाळ्यात हरीण आडवं येतं.

तर माझं मत: तुमच्यासारखीने ही संधी घ्यावी, तीन गोष्टी जुळल्या तर. करारात ग्रँट थांबल्यास अट कमी होण्याची आणि झालेली सेवा वजा होण्याची तरतूद हवी. पहिल्या वर्षापासून ग्रामीण प्रॅक्टिकम आणि प्रत्यक्ष येणारी सुपरवायझर हवी. आणि ‘ग्रामीण’च्या व्याख्येत तुमच्या कुटुंबाला राहता येईल अशी निदान एखादी जागा बसायला हवी. पहिल्या आणि तिसऱ्याबद्दल थोडी घासाघीस होऊ शकते. विद्यापीठंही विद्यार्थी शोधत असतात. दुसरी जमत नसेल तर मी नाही म्हणेन. नवरा येऊ शकत नसेल आणि तुमच्या यादीत फक्त ‘रिमोट’ असेल, तरीही नाहीच. मुलीला घेऊन एकटीने हे पेलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पण त्या इथल्याच होत्या, आई-बाप दहा मैलांवर होते.

उत्तर कधी द्यायचं, या घाईत पडू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी सही केलेला एक ठराव आहे, त्यानुसार आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आधी हो-नाही सांगायची सक्ती करता येत नाही. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते त्यांच्या ग्रॅज्युएट कॉलेजच्या पानावर सापडेल. तोवर कोऑर्डिनेटरला एक ईमेल करा: ग्रँटचं नाव, शेवटचं वर्ष, कराराचा मसुदा आणि मागच्या तुकडीतल्या दोन विद्यार्थ्यांचा संपर्क. त्या दोघींना एवढंच विचारा, की त्यांच्या सुपरवायझरने त्यांना मीटिंगमध्ये शेवटचं कधी पाहिलं.